प्रामाणिक न्यायाधीशाच्या हातून निरपराध माणूस तुरुंगात कसा जातो?

निरपराध माणसाला शिक्षा झाल्याची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : पैसे कोणी खाल्ले? न्यायाधीश फितूर झाला का, पोलिसांनी कोणा बड्याच्या मुलाला वाचवलं का? कधी तसं असतंही. पण पुष्कळदा खरं उत्तर याहून जास्त अस्वस्थ करणारं असतं. पैसे कोणीच खाल्लेले नसतात. पोलिसाला मनापासून वाटलेलं असतं की हाच तो. साक्षीदार शपथेवर जे सांगतो, त्यावर त्याचा स्वतःचा पूर्ण विश्वास असतो. न्यायाधीश अभ्यासू असतात, घरी नेऊन कागद वाचणारे असतात. आणि तरीही चुकीचा माणूस आत जातो.

हे घडतं कसं, या प्रश्नाचा पाठपुरावा माक्स हिर्शबेर्ग या जर्मन ज्यू वकिलांनी आयुष्यभर केला. त्यांचं नाव आपल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतं. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, आरोपीच्या बाजूने उभी राहते. हिर्शबेर्ग मला रोजच्या कामात आठवतात, म्हणून त्यांनी काय शोधलं ते वकिलीशी संबंध नसलेल्या वाचकाला कळेल अशा भाषेत सांगायचं मी बरेच दिवस मनात धरून होते.

त्यांच्या चरित्रात दोन धागे दिसतात. एक, भर कोर्टात हिटलरला प्रश्न विचारणारा वकील. दुसरा, चुकीच्या निकालांचा अभ्यासक. लोक हे दोन धागे वेगवेगळे सांगतात. मला ते एकच वाटतात, आणि का वाटतात ते पुढे येईलच.

हिर्शबेर्ग यांचा जन्म १८८३ चा, म्युनिकमधला. १९११ पासून तिथेच वकिली. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले, आघाडीवर लढले, परत येऊन पुन्हा काळा डगला चढवला. पण शहर पार बदललेलं होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये म्युनिकमध्ये क्रांती होऊन बव्हेरियाचा (म्युनिक ज्याची राजधानी त्या जर्मन राज्याचा) राजा पळाला आणि कुर्ट आइसनर हा समाजवादी पत्रकार पंतप्रधान झाला. फेब्रुवारी १९१९ मध्ये एका उमराव घराण्यातल्या तरुणाने आइसनरला भर रस्त्यात गोळ्या घालून मारलं. त्यानंतर काही आठवडे डाव्यांची राजवट आली, मे महिन्यात ती सैन्य पाठवून चिरडली गेली, आणि मग आळीपाळीने सूड घेण्याचे दिवस संपून कोर्टाच्या मार्गाने सूड घेण्याचे दिवस सुरू झाले.

त्यासाठी हाताशी होती तिथली ‘लोकन्यायालयं’. नाव ऐकून आपली लोकअदालत डोळ्यांपुढे येईल, पण ही उलट्या जातकुळीची. दोन न्यायाधीश आणि तीन सामान्य नागरिक बसायचे, खटला झटपट चालायचा, निकाल लागला की संपलं. अपील नाही. वर कोणाकडे दाद मागायची सोय नाही. चूक झाली तर ती तशीच राहणार, हे त्या व्यवस्थेत धरूनच चाललेलं होतं.

अशाच एका कोर्टापुढे ऑक्टोबर १९२२ मध्ये फेलिक्स फेशेनबाख उभा होता. तो आइसनरचा सचिव, वय अठ्ठावीस, ज्यू. आरोप देशद्रोहाचा. १९१४ साली युद्धाच्या तोंडावर बव्हेरियाच्या व्हॅटिकनमधल्या दूताने म्युनिकला एक तार पाठवली होती. सर्बियाविरुद्ध ऑस्ट्रियाने कडक पाऊल उचलायला पोपची संमती आहे, असा तिचा आशय. फेशेनबाखने ती तार १९१९ मध्ये रेने पायो या स्वित्झर्लंडच्या पत्रकाराला दिली आणि ती फ्रान्समध्ये छापून आली. हा मुख्य ‘देशद्रोह’. त्याच्याबरोबर आणखी दोघांना गोवून परदेशी वृत्तसंस्थेला बातम्या पुरवल्याचाही आरोप होता. वकीलपत्र हिर्शबेर्ग यांचं.

हिर्शबेर्ग यांचे मुद्दे आजही वकिलाने वाचावेत इतके साधे आहेत. छापील मजकुराबद्दलच्या गुन्ह्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत होती. तीन वर्षांनी खटला भरता येत नव्हता. शिवाय सगळे कागद मूळच्या सरकारी कारभारातले, आणि त्यांनी देशाचं नेमकं काय नुकसान झालं हे कोणी दाखवलंच नव्हतं. कोर्टाने ऐकलं नाही. फेशेनबाखला अकरा वर्षांची सक्तमजुरी झाली.

इथे खरं काम सुरू झालं. अपील नाही म्हटल्यावर बहुतेक वकिलांनी फाईल बांधून ठेवली असती. हिर्शबेर्ग यांनी निकालपत्रच पुरावा म्हणून वाचायला घेतलं. कोर्टाने कोणतं वाक्य कशाच्या आधारे लिहिलं, कुठे अनुमानाला सिद्ध झालेली गोष्ट म्हटलं, कुठे कायद्यातला शब्द ओढून ताणून बसवला, हे त्यांनी देशापुढे मांडलं. कायद्याचे आणि इतिहासाचे जाणकार बोलू लागले, प्रकरण बर्लिनच्या संसदेपर्यंत गेलं, लोक त्याला जर्मनीचं ड्रेफस प्रकरण म्हणू लागले (फ्रान्समधल्या त्या मूळ प्रकरणाबद्दल पुढे सांगते). शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये फेशेनबाख सुटला. त्याच महिन्यात दुसरा एक कैदीही सुटला : सरकार उलथवण्यासाठी बंदुका घेऊन रस्त्यावर उतरलेला आणि त्याबद्दल त्याच प्रकारच्या लोकन्यायालयाने फक्त पाच वर्षांची, तीही किल्ल्यातल्या सन्मानाच्या कैदेची, शिक्षा दिलेला अडॉल्फ हिटलर. एका जुन्या तारेला अकरा वर्षं आणि सशस्त्र उठावाला पाच. मी हे आकडे पहिल्यांदा एकाखाली एक लिहून पाहिले, तेव्हा बराच वेळ पुढे वाचवलं नाही.

या दोन निकालांत पैसा फिरला नव्हता. न्यायाधीशांना आधीच ठाऊक होतं की डावा, ज्यू, क्रांतिकारकांचा सचिव असलेला माणूस देशद्रोही असणारच, आणि युद्धात पदक मिळवलेला माणूस मनाने देशभक्तच असणार. पुरावा नंतर आला, आणि आधीच ठरलेल्या जागी जाऊन बसला. माझ्या मते हिर्शबेर्ग यांच्या पुढच्या सगळ्या अभ्यासाचं बीज इथे आहे. राजकीय खटल्यात जी सवय उघडीनागडी दिसते, तीच सवय साध्या चोरीच्या, खुनाच्या खटल्यात अंगभर कपडे घालून बसलेली असते.

१९२५ च्या शरदात त्यांनी आणखी एक मोठा खटला लढवला. जर्मनीत एक दंतकथा जोरात होती : आपलं सैन्य हरलंच नव्हतं, घरातल्या समाजवाद्यांनी आणि ज्यूंनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला. ‘म्युंशेनर पोस्ट’ या समाजवादी दैनिकाचे संपादक मार्टिन ग्रुबर यांनी ही कथा पसरवणाऱ्या एका मासिकाच्या संपादकावर इतिहास खोटा लिहिल्याचा आरोप केला. त्या संपादकाने बदनामीचा दावा ठोकला. ग्रुबर यांच्या बाजूने हिर्शबेर्ग. त्यांनी बदनामीच्या दाव्याचा उपयोग करून खुद्द सेनापतींना साक्षीला उभं केलं, आणि जनरल ग्रोनर यांच्यासारख्यांच्या तोंडून शपथेवर बाहेर आलं की युद्ध आटपलं पाहिजे, ही मागणी आधी लष्कराच्या वरिष्ठांकडूनच आली होती. तरी कोर्टाने ग्रुबर यांना तीन हजार मार्कांचा दंड केला. खटला हरला, साक्ष मात्र कायमची नोंदली गेली.

हिटलरशी त्यांची गाठ १९२९ नंतर पडली. हिटलरने इटलीकडून पैसे घेतले आणि त्या बदल्यात इटलीच्या ताब्यात गेलेल्या जर्मनभाषक दक्षिण टिरोलवरचा जर्मनांचा हक्क सोडला, असं पत्रकार लिहीत होते. हिटलर त्यांच्यावर बदनामीचे दावे लावायचा, आणि म्हणून त्याला स्वतःला साक्षीच्या पिंजऱ्यात यावं लागायचं. १९३२ च्या जूनमध्ये अशाच प्रकरणातून निघालेल्या एका खटल्यात हिर्शबेर्ग यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि हिटलर कोर्टातच आरडाओरडा करू लागला, उत्तर द्यायला त्याने नकार दिला. कोर्टाने त्याला दंड केला. त्याच्या पुढच्या जानेवारीत तो देशाचा चॅन्सेलर झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हिर्शबेर्ग यांनी राजकीय खटल्यांच्या बरोबरीने खुनाच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या साध्या माणसांची जुनी प्रकरणंही पुन्हा उघडायला लावली. आयुष्याच्या अखेरीस, १९६० साली, फौजदारी खटल्यांतल्या चुकीच्या निकालांवर त्यांचं पुस्तक जर्मनीत निघालं. उपशीर्षकात त्यांनी ‘पॅथॉलॉजी’ हा वैद्यकातला शब्द घातला. मेलेल्या माणसाचं शवविच्छेदन करून डॉक्टर रोग कुठे होता ते पाहतो, तसं त्यांनी चुकीच्या निकालांचं केलं, आणि त्यांना पुन्हा पुन्हा त्याच सहा ठिकाणी रोग सापडला : कबुलीजबाब, सहआरोपीचं बोट, साक्षीदाराची जबानी, चेहऱ्याची ओळख, आरोपीचं खोटं बोलणं आणि तज्ज्ञाचा अहवाल. प्रत्येकाआधी त्यांनी एकच शब्द वापरला आहे, ज्याचा अर्थ ‘न पारखता’. पुरावा वाईट असतो असं त्यांचं म्हणणं नाही. तो न पारखता स्वीकारला जातो.

कबुलीजबाबापासून सुरुवात करते, कारण इथेच माणसं मला सर्वात जास्त अडवतात. ‘अहो, त्याने स्वतः कबूल केलंय ना? निरपराध माणूस खुनाची कबुली कशाला देईल?’ देतो. थकून देतो, ‘सही कर, घरी जा’ या आश्वासनाने देतो, बायकोला किंवा भावाला वाचवायला देतो, आणि कधी कधी इतक्या वेळा तेच ऐकतो की आपणच केलं असावं असं त्याला वाटू लागतं. १९४९ साली टिमोथी एव्हान्स हा जेमतेम लिहिता-वाचता येणारा तरुण वेल्समधल्या एका पोलीस ठाण्यात गेला आणि म्हणाला, मी बायकोचं प्रेत घरासमोरच्या गटारात टाकलंय. लंडनच्या पोलिसांनी जाऊन पाहिलं. गटाराचं झाकण उचलायला तीन धडधाकट माणसं लागली, आणि आत काहीच नव्हतं. क्षणभर थांबून विचार करा : एकट्या माणसाला जे झाकण उचलताच येत नाही, त्याखाली प्रेत टाकल्याचं तो सांगतोय. म्हणजे त्याच्या बोलण्यात आणि वस्तुस्थितीत मेळ नाही, हे तिथेच दिसलं होतं. पण नंतर बायको आणि लहान मुलगी दोघींची प्रेतं घराच्या मागच्या धुण्याच्या खोलीत सापडली, एव्हान्सने आणखी एक कबुली दिली, आणि तीच धरून चालली. मार्च १९५० मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष दिली होती खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जॉन क्रिस्टी नावाच्या शेजाऱ्याने. तीन वर्षांनी त्याच घरात आणखी बायकांची प्रेतं सापडली. खुनी क्रिस्टी होता. एव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली.

कबुली तपासायची कशी, याला हिर्शबेर्ग यांचं उत्तर व्यवहारी आहे. कबुलीत अशी एखादी गोष्ट आहे का, जी फक्त गुन्हेगारालाच माहीत असू शकते आणि जी पोलिसांना आधी माहीत नव्हती? ती नंतर प्रत्यक्षात तशीच सापडली का? नसेल, तर कागदावर फक्त सही आहे. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही असं सांगितलं, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ते कलम राहिलं आहे. ते कलम गुन्हेगारांना वाचवायला आहे असं पुष्कळांना वाटतं. ते एव्हान्ससारख्यांसाठी आहे. (मोक्कासारख्या विशेष कायद्यांनी त्यात वाट काढली आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

सहआरोपीबद्दल फार सांगावं लागत नाही. बुडणारा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देतो. स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून केलेलं आरोपाचं वर्णन बारकाव्यांनी भरलेलं आणि पटण्याजोगं असतं, कारण सांगणारा खरोखर तिथे हजर असतो. फक्त तो स्वतःच्या जागी दुसऱ्याचं नाव घालतो. माफीच्या साक्षीदाराला दुसरा भक्कम आधार हवा, हा आपल्याकडचा जुना नियम यासाठीच.

साक्षीदाराच्या जबानीवर जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोग झाले होते. डिसेंबर १९०१ मध्ये बर्लिनला प्राध्यापक लिस्ट यांच्या वर्गात एका पुस्तकावरून दोन विद्यार्थ्यांची बाचाबाची झाली, एकाने पिस्तूल काढलं, प्राध्यापक मध्ये पडले, आवाज झाला. वर्ग हादरला. मग सांगण्यात आलं की हे नाटक होतं, प्रत्येक वाक्य आधी लिहून ठेवलेलं होतं. आता तुम्ही पाहिलंत ते लिहा. लिहिणारे कायद्याचे विद्यार्थी, उद्याचे न्यायाधीश. प्रत्येकाच्या जबानीत चुका निघाल्या. जे बोललंच गेलं नव्हतं ते ऐकल्याचं लोकांनी लिहिलं. आणि प्रसंगाचा जो भाग जास्त थरारक, तिथेच चुका जास्त. कोर्टात मात्र आपण उलटं धरतो : ‘एवढा भयंकर प्रसंग, साक्षीदाराच्या मनावर कोरला गेला असणार.’

चेहऱ्याची ओळख हा मला या सहांतला सर्वात धोक्याचा भाग वाटतो, कारण ओळखणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याची उलटतपासणी घेऊन काही हाती लागत नाही. लंडनमध्ये १८९५ च्या डिसेंबरात अडॉल्फ बेक या माणसाला रस्त्यात एका बाईने धरलं, ‘यानेच मला फसवून माझे दागिने नेले.’ मग एकामागून एक फसवल्या गेलेल्या बायका पोलीस ठाण्यात आल्या आणि बेकला ओळखून गेल्या. हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणाला, अक्षरही त्याचंच. सात वर्षांची शिक्षा झाली. फसवणाऱ्या खऱ्या माणसाला त्याआधी १८७७ मध्ये शिक्षा झालेली होती, आणि बेक तोच जुना गुन्हेगार आहे असं सगळ्यांनी धरलेलं होतं. त्या जुन्या कैद्याच्या तुरुंगातल्या नोंदीत त्याची सुंता झालेली असल्याचं लिहिलं होतं. बेकची झालेली नव्हती. १८९८ मध्ये हे सरकारच्या लक्षातही आलं, तरी बेक आतच राहिला. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर १९०४ मध्ये त्याला त्याच प्रकारच्या गुन्ह्यात पुन्हा धरलं, पुन्हा बायकांनी ओळखलं, पुन्हा दोषी ठरवलं. तो शिक्षेची वाट पाहत असतानाच खरा भामटा दुसरीकडे पकडला गेला, म्हणून सुटका. फौजदारी अपिलाचं न्यायालय इंग्लंडमध्ये १९०७ साली आलं, त्यामागे हे प्रकरण मोठं कारण होतं.

आता आमच्या कोर्टातलं एक दृश्य. साक्षीदार बाई पिंजऱ्यात उभी. घटना चार वर्षांपूर्वीची, रात्रीची. सरकारी वकील विचारतात, ‘तो माणूस आज कोर्टात आहे का?’ बाईची नजर आधी माझ्याकडे येते, मग बाकावर बसलेल्या पक्षकारांवरून फिरते, दाराशी उभ्या शिपायावर थबकते आणि मग मागच्या आरोपीच्या पिंजऱ्यावर जाऊन स्थिरावते, जिथे दोन पोलिसांच्या मध्ये एकच माणूस उभा आहे. ती बोट दाखवते. न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगतात, ‘साक्षीदाराने आरोपीस ओळखले.’ पाच-सहा सेकंदांची ती फिरलेली नजर, शिपायापाशी थांबलेला क्षण, यातलं काहीही कागदावर उतरत नाही. अपिलात उच्च न्यायालयापुढे जातो तो फक्त कागद. त्या बाईने माझ्या मते काहीही खोटं सांगितलं नव्हतं. कोर्टाने ज्याला तिथे उभं केलंय, तोच असणार, एवढं तिने मनाशी धरलं होतं. म्हणूनच ओळख परेड लवकर, सारख्या दिसणाऱ्या माणसांत आणि तपासी अधिकारी हजर नसताना व्हायला हवी.

आरोपीचं खोटं बोलणं हा हिर्शबेर्ग यांच्या यादीतला मला सर्वात आवडणारा मुद्दा, कारण तो माणूस ओळखून लिहिलेला आहे. आरोपी सांगतो मी त्या रात्री घरी होतो. नव्हता, असं सिद्ध होतं. बस्स, मामला संपला असं सगळ्यांना वाटतं. पण तो खुनाच्या जागी होता असं त्यातून कुठे निघालं? तो जुगाराच्या अड्ड्यावर असेल. परक्या बाईकडे असेल. किंवा खाकी वर्दी समोर दिसताच जो सोपा जबाब तोंडात आला तो त्याने देऊन टाकला असेल. आपण निरपराध आहोत एवढं पुरेसं नाही, आपण निरपराध दिसलोही पाहिजे, या धडपडीत माणूस खोटं बोलतो आणि स्वतःच्याच गळ्यात फास अडकवतो. खोटेपणा सिद्ध झाला तर आरोपी खोटारडा ठरतो. गुन्हा अजून सिद्ध व्हायचाच असतो.

तज्ज्ञांबद्दल ड्रेफस प्रकरणातली एक गोष्ट पुरेल. फ्रेंच सैन्यातल्या या ज्यू अधिकाऱ्याला १८९४ मध्ये एका चिठ्ठीच्या अक्षरावरून देशद्रोही ठरवलं. पॅरिस पोलिसांचे नावाजलेले तज्ज्ञ बर्टिलों यांनी चिठ्ठी पाहिली. अक्षर काही ठिकाणी ड्रेफसच्या अक्षरासारखं नव्हतं. त्यांचा निष्कर्ष : ड्रेफसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल करून लिहिलंय. म्हणजे अक्षर जुळलं तरी दोषी, जुळलं नाही तरी दोषी. ड्रेफस निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडलं. बर्टिलों यांचा खरा हातखंडा गुन्हेगारांच्या शरीराची मोजमापं घेण्यात होता, हस्ताक्षरात नव्हे, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. तज्ज्ञाला पहिला प्रश्न हाच असायला हवा : तुम्ही नेमके कशातले तज्ज्ञ?

चूक होते ती अशी. पण ती सुधारणं हे होण्यापेक्षा कितीतरी अवघड, आणि हिर्शबेर्ग यांनी आयुष्यातली सर्वात जास्त ताकद याच जागी घालवली. जर्मनीत गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात पुराव्याची छाननी एकदाच व्हायची. वरचं न्यायालय फक्त कायदा नीट लावला की नाही ते पाहायचं. खालच्या कोर्टाने चुकीच्या साक्षीदारावर विश्वास ठेवला पण कलम बरोबर लावलं, तर वरच्याला काही करता येत नसे. उरायची एकच वाट : नवीन पुरावा आणून खटला पुन्हा उघडा म्हणून अर्ज करणं. आणि हा अर्ज जायचा कुठे, तर ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाकडे. आपणच दिलेला निकाल चुकला असं आपणच मान्य करायचं. बर्लिनचे माक्स आल्सबेर्ग यांनीही या दुष्टचक्रावर १९१३ मध्येच लिहिलं होतं. तेही ज्यू, तेही फौजदारीतले मोठे वकील. देश सोडल्यावर त्यांनी १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली.

हे सगळं जर्मनीत, जुन्या काळी झालं असं वाटत असेल तर नाशिककडे या. २००३ च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. सहा जण पकडले, सगळे भटक्या जमातीतले, गरीब. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मग दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. सोळा वर्षं आत काढलेल्या प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. त्या सोळा वर्षांत ते कितीदा फाशीच्या दोरापर्यंत मनाने जाऊन आले असतील, याचा हिशेब कुठल्याही आदेशात मावत नाही. हिर्शबेर्ग यांच्या सहा जागांपैकी कोणती इथे लागू पडते, ते सांगायची गरज नाही.

९ मार्च १९३३ ला नाझींनी बव्हेरियाचा कारभार ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, म्युनिकमधले मिखाएल झीगल हे ज्यू वकील आपल्या अशिलाची तक्रार घेऊन पोलीस मुख्यालयात गेले. त्यांना मारलं, विजारीचे पाय कापले, गळ्यात फलक अडकवला आणि अनवाणी रस्त्यातून फिरवलं. तो फोटो जगभर गेला. त्याच १० मार्चला हिर्शबेर्ग यांना अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही, ‘संरक्षक कैद’ असं नाव. ऑगस्टमध्ये ते सुटले. त्याच ऑगस्टच्या ७ तारखेला फेशेनबाखला डाखाऊच्या छळछावणीकडे नेताना वाटेतल्या जंगलात गोळ्या घालून मारण्यात आलं. नऊ वर्षांपूर्वी तुरुंगातून सोडवून आणलेला अशील असा गेला, आणि या वेळी पुन्हा उघडायला खटलाही नव्हता.

१९३४ च्या वसंतात हिर्शबेर्ग कुटुंब घेऊन इटलीत, मिलानला गेले. मुसोलिनीने १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध कायदे आणले तेव्हा तिथूनही उठावं लागलं. १९३९ मध्ये न्यूयॉर्क. पन्नाशी उलटलेल्या जर्मन वकिलाला अमेरिकेत कोर्टात उभं राहता येत नव्हतं. पुढे युद्ध संपल्यावर नाझींनी लुटलेल्या ज्यूंच्या भरपाईच्या दाव्यांत त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाचा उपयोग झाला. चुकीच्या निकालांचं पुस्तक त्यांनी जर्मन भाषेतच लिहिलं आणि जर्मनीतच छापायला दिलं. ज्यांनी त्यांना देशोधडीला लावलं, त्यांच्याच न्यायाधीशांनी ते वाचावं म्हणून.

हिर्शबेर्ग २१ जून १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात दुरुस्ती झाली : खटला पुन्हा उघडण्याचा अर्ज आला, तर मूळ निकाल ज्याने दिला तो न्यायाधीश त्या अर्जावर बसणार नाही.